देवाची वाट मी बुजवली

पोरीचा हात पाण्यात होता आणि पाणी पिवळं झालं होतं.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. तिला दंडाला धरून अशी उचलली की खांदाच निखळायचा. ती रडायला लागली, मी हात बघते तर बोटं लाल, आणि वास, नाकात सुई घातल्यासारखा वास. बांधावर प्यायच्या पाण्याची कळशी होती, ती सगळी तिच्या हातावर ओतली. मग डोक्यात आलं, बोट तोंडात घातलं असेल तर? वर्षाची पोर, सगळं तोंडात घालते. पदराचं टोक कोरडं होतं तेवढ्यानं तिची जीभ पुसली, हिरड्या पुसल्या, ती अजून जोरात रडायला लागली. माझी आई सांगायची, रडणाऱ्या पोराला घाबरायचं नाही, गप्प पोराला घाबरायचं. म्हणून मी म्हणत होते, रड बाई, रड, अजून रड.

मी ओहळाच्या कडेला मेथीच्या जुड्या धूत बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू त्या घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात जाणार होती. पोर बाजूला बसून पाण्यावर थापट्या मारत होती. दुपारची वेळ, मार्गशीर्षातला गुरुवार, ऊन छान पडलेलं. आधी फेस आला. मला वाटलं वर कोणीतरी साबण लावतंय, मी मनातल्या मनात शिवीपण घातली, कारण ओहळात साबण लावायचा नाही असं ठरलेलं. मग फेसाच्या मागून ते पिवळं आलं, आणि त्याच्यात बारकी मासळी पोट वर करून.

मला लगेच कळलं. दुसऱ्या कोणाला कदाचित कळलं नसतं, पण माझं माहेर उल्हासनगरचं, कॅम्प पाच. माझे वडील तिथं एका सिंधी सेठच्या रंगाईच्या कारखान्यात कामाला होते आणि आमच्या खोलीच्या मागून नाला जायचा. आज नाला निळा म्हणजे आज निळा कपडा चाललाय. आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. शेजारी एक सिंधी अम्मा राहायची, ती दारातून ओरडायची, "ए छोकरी, हट उधर से, चमडी निकल जाएगी!" वडलांच्या पायांची कातडी खरंच निघायची, कांद्यासारखी. तो वास नाकातून कधी जात नाही. मी सातवीत शाळा सोडली, मला पुस्तकातलं काही सांगता येत नाही, पण तो वास मी झोपेतही सांगेन. आणि तो वास मी लग्न करून मागं टाकून आले होते. बदलापूर गावात आले, पहिल्या दिवशी ओहळाचं पाणी बघितलं, खालचे दगड दिसत होते, मी ह्यांना विचारलं, हे पाणी असंच असतं? हे हसले. म्हणाले, मग पाणी कसं असतं?

आता हे असं सांगितलं तर तुम्हाला काही कळणार नाही, थोडं मागचं सांगते. घाईत सांगते, मला तशीच सवय आहे.

आमच्या शेताच्या खाली तळं आहे. डोंगरावरून ओहळ येतो, वरच्या रस्त्याच्या मोरीखालून निघतो, आमच्या शेताच्या कडेनं जातो आणि तळ्यात उतरतो. भात कापून झालं की प्रत्येक घर ओहळावर आपापला बंधारा घालतं. दगड, माती, पळसाच्या फांद्या. पाणी अडवायचं, पाटानं शेतात घ्यायचं, भाजी करायची. पण बंधारा कोणाचाही असो, मधे एक फट सोडायची. तिला देवाची वाट म्हणतात. त्या फटीतून पाणी तळ्यात जात राहिलं पाहिजे. तुमची भाजी सुकली तरी चालेल, ती फट बुजवायची नाही. बुजवली तर गावकी बसते, म्हणजे गावातली मोठी माणसं देवळात बसतात, आणि बुजवणाऱ्याला देवासमोर नाक घासून माफी मागावी लागते. म्हणून कोणी बुजवत नाही. सासू सांगायची, दुष्काळातसुद्धा कोणी बुजवली नव्हती.

आणि तळ्यात कासवं आहेत. गाव त्यांना देवाची कासवं म्हणतं. त्यांची पाठ टणक नाही, ओल्या चामड्यासारखी मऊ, आणि नाक असं नळीसारखं पुढं आलेलं. मी नवीन नवरी, पहिल्यांदा बघितलं तर तोंडातून "ई" निघालं. सासू म्हणाली, "ई कराचा नाय. तुझ्याआधी आलेत ते हितं."

नव्या सोसायट्या झाल्या तिथं एक मॅडम राहायला आल्या, कॉलेजात शिकवायच्या. त्या दुर्बीण घेऊन तासन्‌तास तळ्याकाठी बसायच्या. गावाला वाटायचं, बाईचं घरी भांडण झालंय. मग एक दिवस त्यांनीच देवळात सगळ्यांना सांगितलं, ही कासवं आता फार थोड्या ठिकाणी उरलीत, लोक धरून खातात, नद्या घाण झाल्या, तुमच्याकडं आहेत कारण तुम्ही हात लावला नाही. गावाला बरं वाटलं. आपण काही न करता काहीतरी चांगलं केलं, हे कोणाला आवडत नाही?

तिथून तळं राखायचं काम सुरू झालं. रविवारी गाव, वरच्या वाडीतले ठाकर आणि सोसायटीतले लोक असे सगळे डोंगरावर जायचे आणि चर खणायचे, म्हणजे पावसात माती वाहून तळ्यात यायला नको. सोसायटीतले साहेब लोक, फॅक्टरीत ऑफिसर, त्यांच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड. वाडीतल्या बायका फिदीफिदी हसायच्या, "सायेब, कुदल हाय ती, पेन नाय!" साहेबपण हसायचे. कासवं ज्या काठावर अंडी पुरतात तिथं करवंदीच्या काट्यांचं कुंपण घातलं. ट्रक धुवायला यायचे ते बंद केले. मी पोटुशी होते तेव्हा, खणायला कोणी देईना, तर मी भाकऱ्या करून पाठवायचे.

मग टँकर यायला लागले. कुठल्या कारखान्याचे ते माहीत नाही, नंबरावर चिखल फासलेला असायचा. रात्री यायचे, मोरीवर उभे राहायचे, पाइप सोडायचे आणि जायचे. ओहळ सकाळी वास मारायचा. म्हणून पुरुषांनी पाळी लावली, रोज रात्री मोरीवर माणसं. एकदा एका टँकरला पिटाळून लावलं, तेव्हा गावात केवढा आनंद. सगळ्यांना वाटलं, संपलं.

आमचे पुरुष रात्री जागत होते म्हणून टँकरवाले दुपारी आले. दुपारी इकडं कोण असतं? हे अंबरनाथला ड्युटीवर, साहेब लोक ऑफिसात, वाडीतले मजुरीला. राहतात कोण, बायका. बायकांना ते मोजतच नव्हते.

तर मी तिथं उभी. काखेत पोर, पुढं पिवळं पाणी. पहिला विचार काय आला, खरं सांगते, पळायचा आला. पोरीला घेऊन डॉक्टरकडं. मग तिचा हात परत बघितला, लाली होती पण फोड नव्हता, बोटं हलवत होती, माझे केस ओढत होती. मग दुसरा विचार, गावात जाऊन ओरडायचं. पण गाव तिथून लांब. पोरीला घेऊन चढ चढायचा, देवळापर्यंत जायचं, लोक उठणार, "काय झालं, काय झालं" करणार, तोवर हे सगळं देवाच्या वाटेतून खाली तळ्यात.

पिवळ्याचं टोक आमच्या बंधाऱ्यातल्या त्या फटीपाशी पोचत आलं होतं.

आंब्याला पोरीची झोळी बांधलेली होती, तिच्यात तिला टाकली. वास तिकडं जात नव्हता, वारा उलटा होता, तेवढं बघितलं. ती किंचाळत होती. मी पाण्यात उतरले आणि फटीत हाताला येईल ते कोंबायला लागले. आधी गोणपाट. मग धुतलेल्या मेथीच्या जुड्या, एकेक, सगळ्या. पाणी वाहून नेत होतं त्यांना, म्हणून डोक्यावरचा पदर काढला, लुगड्याचा अर्धा भाग सोडवून त्याचा बोळा केला आणि तो दाबला. फाटला टर्रकन. वरून चिखल. चिखल हातानं काढत होते, नखांत आग व्हायला लागली, पोटऱ्यांना आग. मी मोठ्यानं रडत होते आणि चिखल टाकत होते. मला भीती वाटत होती की माझी कातडी वडलांसारखी निघणार.

फट बुजली. पण पाणी बुजत नाही ना. ते चढायला लागलं. अजून थोडं चढलं असतं तर बंधाऱ्यावरून गेलं असतं आणि सगळं फुकट. त्याला कुठंतरी जागा द्यायला पाहिजे होती.

जागा एकच होती. पाटाचं तोंड. पाटातून आमचं शेत.

भाताची खाचरं ती, चारी बाजूंनी बांध, आलेलं पाणी आतच राहणार, तळ्यात जाणार नाही. मला ते माहीत होतं. आणि त्या खाचरांत मेथी होती, मुळा होता, वांगी फुलावर होती. ते शेत सासूचं होतं. सासरे लवकर गेले, हे तेव्हा लहान. लोक म्हणाले विकून टाक, तिचा दीर म्हणाला मला दे. तिनं दिलं नाही. त्या एका शेतावर तिनं ह्यांना वाढवलं, डोक्यावर पाटी घेऊन कॅम्पात दारोदार फिरली. त्या मातीत खडा सापडायचा नाही, इतकी तिनं वेचलेली.

मी फावडं घेतलं आणि पाटाचं तोंड फोडलं.

पिवळं पाणी मेथीत शिरलं. एवढं गुपचूप शिरलं, जसं रोजचं पाणी शिरतं.

आणि नेमकी सासू आली. भाकरीचं फडकं हातात. तिला आधी पोरीचं रडणं ऐकू आलं असणार, ती झोळीकडं वळली आणि मग तिला शेत दिसलं.

"आगो काय केलंस? आगो मेले, काय केलंस हे?"

"आत्याबाई, टँकर आलाय वर, विष आहे ह्याच्यात, तळ्यात चाललं होतं—"

"तल्यात जातंय तं जाऊ दे ना! तुझ्या बापाचं तलं हाय? शेतात कशाला सोरलंस?"

ती फावडं घ्यायला धावली, पाटाचं तोंड बंद करायला. मी फावडं सोडलं नाही. आम्ही दोघी सासूसुना एका फावड्याला लोंबकळत होतो. मी तिच्यासमोर कधी मोठ्यानं बोलले नव्हते. मी ओरडले, "पाट बंद केला तर बंधारा फुटेल, मग शेतही गेलं आणि तळंही गेलं!"

हे चाललेलं तेवढ्यात वरच्या वाटेनं गावातले मामा आले, म्हैस घेऊन. मामा म्हणजे गावकीत सगळ्यात मोठे. देवाच्या वाटेवर लक्ष ठेवायचं काम त्यांच्या घराकडं, त्यांच्या बापाकडून आलेलं. माझ्या सासऱ्यांच्या जागी. मी त्यांच्यासमोर कधी चेहरा उघडा ठेवला नव्हता. त्यांनी काय बघितलं? देवाची वाट बुजवलेली, सगळं पाणी आमच्या शेतात, आणि मी आणि सासू फावडं घेऊन. मेथीच्या हंगामात.

"चोर!" मामा गरजले. "बायकांनी चोरी सुरू केली! देवाचं पानी मेथीला?"

"मामा, पाणी बघा, पाण्याचा रंग बघा—"

"रंग माला नको दाखवू! माज्या बापानं हा बांध राखला, मी राखला, कोनी आजवर बोट लावलं नाय. आनी तू कॅम्पातली पोर!"

त्यांना नीट दिसत नव्हतं आता, वयानं, हे मला नंतर कळलं. वासही नाही, तपकीर ओढायचे. म्हैस बांधाशीच सोडली आणि काठी घेऊन ते सरळ बंधाऱ्यावर आले. काठी घालून ते माझ्या जुड्या उकरणार, हे मला दिसलं. त्यांचं चुकत नव्हतं. गावात सगळ्यांना हेच शिकवलेलं, फट बुजलेली दिसली की आधी उघडायची, मग विचारायचं. तळं वाचवायचं म्हणूनच ते उघडायला आले होते.

मी फावडं सोडलं, पळत गेले आणि त्या फटीवर बसले.

चिखलात, पाण्यात, अर्धं लुगडं फाटलेलं, डोकं उघडं, आणि बसले. सासऱ्याच्या जागी असलेला माणूस सुनेच्या अंगाला हात लावत नाही. तसं आपल्यात चालतच नाही. मी मनात एवढंच म्हणत होते, लावणार नाहीत, ते हात लावणार नाहीत.

मामा थबकले. काठी हवेत.

"ऊठ."

मी मान हलवली.

"ऊठ म्हनतो! लाज नाय वाटत? म्होरं कोन उभा हाय बघ!"

"दिसतंय. नाही उठणार."

मला वाटतं, जन्मात त्यांना कोणी नाही म्हटलं नव्हतं, निदान बाईनं. ते सासूकडं वळले. "बाई, तुझी सून हाय. कार तिला. मी हात लावू शकत नाय, तू लाव."

ती लावू शकत होती. हेच ते. तिनं मला ओढून काढलं असतं तर मामांनी फट उघडली असती, पाणी खाली गेलं असतं, आणि तिचं अर्धं तरी शेत वाचलं असतं. अजून खालच्या खाचरात पाणी पोचायचं होतं. ती माझ्याकडं बघत होती, मग शेताकडं. पाण्यावर ती बारकी मासळी तरंगत होती, ती मेथीच्या वाफ्यात येऊन अडकली होती. सासू खाली वाकली. एक मासळी उचलली, नाकाला लावली. टाकली. हात लुगड्याला पुसला, परत पुसला, आग झाली असेल.

मी म्हटलं, "आत्याबाई, काढायचं असेल तर काढा. मी परत येऊन बसेन."

तिनं मला जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही. मग म्हणाली, "बस मेले. बस थितंच. पन ह्या शेताचं तुला मी मरेपरेंत बोलंन, ध्यानात ठेव." आणि झोळीतून माझी पोर उचलली, काखेला मारली आणि वरच्या रस्त्याकडं पळत सुटली. मी तिला पळताना कधी बघितलं नव्हतं.

मामा तिथंच. त्यांची म्हैस पाटाशी पाण्याला तोंड लावायला गेली आणि फुरफुरून मागं सरली. परत गेली, परत मागं. मामा म्हशीकडं बघत राहिले. मग त्यांनी काठी टाकली, खाली बसून बोट पाण्यात बुडवलं. आणि मग ते माझ्या पाठीमागून, मला न शिवता, बंधाऱ्यावर दगड आणून ठेवायला लागले.

रस्त्यावर काय झालं ते मी बघितलं नाही, ते मला बायकांनी इतक्या वेळा सांगितलं की मी बघितल्यासारखंच आहे. गुरुवार होता, म्हणून सोसायटीतल्या बायका कुणाकडं तरी हळदीकुंकवाला निघालेल्या, काठपदराच्या साड्या, गजरे, उपास. मॅडमपण होत्या त्यांच्यात. सासू त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, काखेत रडणारी पोर, आणि म्हणाली, "हलदीकुकू मंग करा. आधी माझं शेत कोनी जाललं त्याला धरा."

टँकर अजून मोरीवरच होता, पाइप ओहळात. ड्रायव्हर सावलीत विडी ओढत बसलेला. मॅडम त्याला म्हणाल्या, "बंद करो ये!"

तो म्हणाला, "अरे मॅडमजी, पानी है. सादा पानी."

सासूला हिंदी भाजी विकण्यापुरती येते. ती म्हणाली, "पानी है? तो पी."

"क्या?"

"पी ना रे. हम भी पियेगा. पैले तू."

तो हसला. मग त्यानं बघितलं की कोणी हसत नाही. तो चढला गाडीत, सुरू केली, आणि त्या सगळ्या बायका काठपदराच्या साड्या नेसून टँकरच्या पुढं रस्त्यावर बसल्या. डांबर तापलेलं. एकीनं म्हणे खाली रुमाल अंथरला, तर दुसरी म्हणाली, "अगं तुझ्या अंगावरून टँकर गेला तर रुमाल काय कामाचा?" मॅडमनी क्लीनर पोराला दम दिला, त्यानं घाबरून कॉक बंद केला. उपाशी बायका उठल्या नाहीत. पुरुष ड्युटीवरून येईपर्यंत उठल्या नाहीत.

मी पण उठले नाही. हे आले, मला चिखलातून काढलं, तेव्हा माझे पाय सुजले होते आणि मी पहिलं विचारलं, पोर कुठंय? पोर सासूच्या काखेत झोपली होती. डॉक्टरांनी मलम दिलं, तिला पण आणि मला पण. तिचा हात दोन दिवसांत नीट झाला. माझ्या पायांवर डाग आहेत अजून.

टँकरचं पुढं काय झालं विचारू नका. पोलिसांनी नेला, सोडला. मालक कोण ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. पण तो त्या मोरीवर परत आला नाही, दुसराही आला नाही, कारण त्या दिवसापासून दुपारची पाळी बायकांची लागली. ती अजून चालू आहे. आम्ही तिथं बसून मटार सोलतो, वाल सोलतो, एकमेकींच्या सासवांना नावं ठेवतो. ट्रक दिसला की उभ्या राहतो.

थोडं पाणी झिरपून तळ्यात गेलंच. तोंडाशी मासळी मेली. मॅडम रोज दुर्बीण घेऊन बसायच्या, मी पण जाऊन बसायचे, पाय सुजलेले असताना. आधी काही दिसेना. मग एक दिवस मधोमध ते नळीसारखं नाक वर आलं, श्वास घेतला, गेलं. मग बाजूला दुसरं. मॅडमनी माझा हात एवढा जोरात धरला की बांगडी फुटली.

शेत गेलं. वरची मेथी दुसऱ्या दिवशी वाळली, वांग्याची पानं कागदासारखी झाली. पाणी आटल्यावर मातीवर पांढरं पापुद्र्यासारखं बसलं. गावानं आणि सोसायटीनं मिळून वरची माती खरवडून काढली, खत टाकलं, पुढच्या पावसात भात लावलं तर ते गुडघ्याएवढंही झालं नाही. आता चार टोपल्या वाल येतात. सासू बाजारात जाते, पण दुसऱ्याची भाजी घेऊन. आणि ती बोलते. बोलेन म्हणाली होती, बोलते. आमटीत मीठ कमी असलं तरी बोलणं त्या शेतावर येऊन थांबतं. मी ऐकते. तिचा हक्क आहे तो.

पण गावकीचं मी ऐकलं नाही.

कारण गावकी बसली. देवाची वाट बुजवली म्हणजे बुजवली. मामाच म्हणाले. म्हणाले, "पोरीनं तलं वाचवलं, मी सोता दगर लावलेत. पन नेम नेम हाय. आज ही कारनासाठी बुजवल, उद्या दुसरा मेथीसाठी बुजवल आनी कारन सांगल. हिनं देवासमोर नाक घासावं, मंग आमी हिचा सत्कार करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. खोटं नव्हते बोलत, मला पण ते कळत होतं.

देवळात पाय ठेवताना मी पोर सासूकडं दिली. सगळे बसलेले, मी उभी. हे कानात म्हणाले, "घास ना, दोन मिनटांचं काम. कोणाचं काय जातंय?"

मी म्हटलं, "मामा, माफी कशाची?"

"फट बुजवलीस त्याची."

"ती मी परत बुजवेन. उद्या आलं तर उद्या बुजवेन. मग आज नाक घासलं तर देवाला खोटं बोलल्यासारखं होईल."

मागून एक बाई म्हणाली, "बराबर हाय तिचं," आणि तिच्या नवऱ्यानं तिला गप्प केलं. मामा म्हणाले, "मंग तुमच्या घराकडं तल्याच्या पूजेचा मान नाय." मी म्हटलं, "नको." आवाज एवढा बारीक निघाला की मामांनी "काय?" विचारलं. मग मी मोठ्यानं म्हटलं, "नको."

ते अजून तसंच आहे. दर साली पूजा होते, आमच्या दारावरून पालखी पुढं जाते, थांबत नाही. हे त्या दिवशी घरात बसत नाहीत. सासू दारात उभी राहते आणि पालखी गेली की मला म्हणते, "नाक झिजलं असतं काय तुझं?" पोर आता बालवाडीत जाते, ती विचारते, आपल्याकडं देव का नाही येत. मी तिला सांगते ते हेच सगळं, थोडं थोडं.

मॅडम म्हणाल्या, लिही, म्हणून लिहिलं. आता तुम्ही सांगा. काखेत पोर, एका बाजूला सासूचं शेत, दुसऱ्या बाजूला तळं, पुढं काठी घेतलेला मोठा माणूस. 'मी गावात धावत गेले असते' असं सांगू नका, गाव किती लांब ते मी सांगितलंय. 'पोलिसांना बोलावलं असतं' तेही नको. आणि नंतर त्या देवळात, सगळ्यांसमोर, जे तुम्ही परत करणार आहात त्याची माफी, ती तुम्ही मागितली असती?

तुम्ही काय केलं असतं?